पोटावरची खूण

— नाही, 'जागतिक दर्जाची सेवा' नका लिहू, ते गेल्या वर्षीही लिहिलं होतं, खालच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या विभागानंही तेच लिहिलंय. ऑफिसनं पाठवलंय ना तुम्हाला, आतड्यांच्या शस्त्रक्रिया विभागाची पुढच्या पाच वर्षांची उद्दिष्टं आणा म्हणून? मग सांगते तसं लिहा. सर्जनसाहेब रोबो मागतील — मागू देत. मी इथली सिस्टर, चोवीस वर्षं झाली, मला काय हवंय? दार. हसा, हसा. या खोलीचं दार लागत नाही. माणूस या खुर्चीत बसतो, शौचातून रक्त जातंय हे अगदी ओठांवर येतं, आणि बाहेर कुणी खोकलं की गिळून टाकतो — म्हणतो, ॲसिडिटी आहे. आणि दुसरं — रक्त दिसल्यापासून चौदा दिवसांत दुर्बिणीची तपासणी. आज किती लागतात? तीन महिने. 'शक्य तितक्या लवकर' नको, चौदा. आकडा लिहा.

का म्हणजे? अहो — आमच्या ह्यांना मी आठ महिने मलम दिलं. मूळव्याध असेल म्हणाले, मी म्हटलं, असेल. दिवसभर परक्यांना खोदून खोदून विचारते, रंग कसा, किती वेळा, वजन उतरलं का — आणि घरी? घरी नाही विचारलं. कंटाळा यायचा हो, खोटं कशाला बोलू! ट्यूब संपली की दुसरी आणायची, झालं. पट्ट्याला त्यांनी दोन नवी भोकं पाडली, म्हणाले, बघ, पोट उतरलं — आणि मी कौतुक केलं. मी!

ऑपरेशनआधी पोटावर पेनानं खूण करतात, शौचाची पिशवी पोटाला लावावी लागली तर कुठे, त्याची — माणसाला उभं करायचं, बसवायचं, वाकवायचं, पट्टा कुठे येतो ते बघायचं. इथे ते काम माझंच. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळीही दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पेन टेकवला तर हसायला लागले, गुदगुल्या होतात म्हणे. पाऊण तासात सर्जनसाहेब बाहेर आले. उघडलं, पाहिलं, शिवून टाकलं — सगळीकडे पसरलेलं. ती खूण कुणाच्या कामाला आलीच नाही. घरी आल्यावर म्हणायचे, पुसून टाक की गं हे. स्पिरिटनं एका मिनिटात जातं, पण मी रोज अंग पुसताना तेवढीच जागा सोडायचे. का, ते मला विचारू नका.

हे लिहिताय काय? खोडा. खोडा आधी. चौदा तेवढं राहू दे — ऑफिसात कुणी त्याला हात लावला तर त्याला म्हणावं, वर येऊन माझ्याशी बोल. चला, उठा आता, बाहेर सात जण बसलेत, आणि सगळ्यांना ॲसिडिटीच आहे. जाताना दार ओढून घ्या. जरा उचलून. अजून — नाही, राहू द्या. जा तुम्ही.