कंबर उत्तम आहे

कित्येक वर्षं मी उभ्यानेच चहा प्यायले, उभ्यानेच भाजी निवडली, कामावर जाऊन उभ्यानेच... पण थांबा, आधी रीत पाळते.

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई, आणि पहिल्या रांगेतल्या माझ्या नणंदबाई! किती सुखाने बसला आहात सगळे! बसणं म्हणजे काय चीज, ते मला विचारा.

मी या इस्पितळाच्या शिवणखात्यात चादरी शिवायची. मशिनवर बसलं की निखाऱ्यावर बसल्यासारखं. म्हणून इस्त्रीचं टेबल मागून घेतलं. लोक म्हणायचे, काय कष्टाळू बाई, क्षणभर टेकत नाही! माझा सत्कारही केला. त्यातही मी उभीच.

दुखायचं योनीच्या तोंडाशी. अध्यक्ष महोदय, पाणी घ्या, शब्द पुस्तकातला आहे. पण घरी कोणत्या तोंडाने सांगणार? मी सांगायचे, "कंबर." मग काय! वन्संनी तेल चोळलं, शेक दिला, पट्टा आवळला. सुनेच्या कमरेची एवढी सेवा कुठल्या घरात झाली असेल?

यजमानांना मात्र ठाऊक होतं. ओट्यावर ताट ठेवून तेही माझ्याबरोबर उभ्याने जेवायचे. म्हटलं, तुम्ही तरी बसा. तर म्हणायचे, "उभ्याने दोन घास जास्त जातात."

ते गेल्यावर दुखणं वाढलं. धीर करून एका डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी लांबूनच पाहिलं. "काही दिसत नाही. यजमान गेलेत ना? मनाचं आहे." अहो, ते हयात असताना मी कोणाचा शोक करत होते?

मग या डॉक्टरबाई भेटल्या. सवयीने मी पुन्हा "कंबर" म्हणाले. त्यांनी पाठ दाबून पाहिली.

"कंबर उत्तम आहे. आता खरी जागा सांगा."

सांगितली. त्यांनी कापसाचा बोळा नुसता टेकवला, मी टेबलावरून हातभर उडाले.

"हं. इथल्या नसा चिडल्यात. तुम्ही धसक्याने स्नायू आवळता, त्याने त्या आणखी चिडतात. दुखणं खरं आहे, आणि धसकाही खरा."

"म्हणजे नणंद-भावजयीसारखं. सुरुवात कोणी केली ते विचारायचं नाही."

"नाहीच विचारायचं. दोघींची समजूत एकदम काढायची."

मग मलम आलं, स्नायू सैल सोडायचे व्यायाम आले, आणि समुपदेशक ताईंपुढे यजमानांसाठी रडणंही आलं. बसायला मी मधोमध भोक असलेली उशी शिवली. वन्संनी ती चुंबळ समजून डोक्यावर ठेवली, वर कपड्यांचं टोपलं!

"वन्सं, ती डोक्याची नाही हो!"

"मग कशाची?"

सांगितलं. वन्संनी टोपलं खाली उतरवलं. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, मलाही तेच आहे. मी गुडघा सांगते."

एका घरात दोन बायका, आणि तेल जिरतंय कमरेत नि गुडघ्यात! त्यांची परवानगी घेऊनच सांगतेय हं. गेली दोन वर्षं त्याही बाईंकडेच येतात. इथे आणखी किती कंबरा आणि गुडघे बसलेत, कोण जाणे. बाईंच्या जागी ज्या येतील, त्यांना निदान जागा खरी सांगा.

बाई, तुमचे उपकार बोलून फिटायचे नाहीत. दुखणं पुरतं गेलेलं नाही, पण आता पाहुण्यासारखं येतं, मुक्काम ठोकत नाही. मंडळी, भरसभेत जीभ सैल सुटली असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

एकच राहिलं. एक दिवस बाई म्हणाल्या, "आता बसून बघा." दुसऱ्या दिवशी मी ताट वाढून घेतलं, टेबलाच्या दोन्ही खुर्च्या ओढल्या, माझी आणि यजमानांची, आणि एकीवर बसून पोटभर जेवले.