म्यानाच्या आत

तंजावूरला ओरत्तनाडूच्या बससाठी रांगेत उभी होते. पुढे एक म्हातारा सुतार एका बाईंना त्यांच्या घरच्या तलवारीचं नवं लाकडी म्यान दाखवत होता.

“रंगरावमामा, दोन्ही फळ्या भाताच्या खळीनं चिकटवल्या? फेविकॉल मिळाला नाही?”

“मिळतो की. पण मग आत गंज चढला, तर म्यान फोडावं लागतं, अक्का. खळ सुरीच्या टोकानं सुटते.”

“आणि दसऱ्याला तलवार उपसतानाच सुटली तर?”

“नाव बदलीन माझं.”

“आमचा मुलगा विघ्नेश कशाला म्यान उघडतोय! त्याला यातलं काय कळतं?”

“त्याचा नातू उघडेल. त्याच्यासाठी आत लिहून ठेवलंय.”

“मराठीत?”

“मराठीतच, पण तमिळ अक्षरांत. नाहीतर वाचणार कोण?”

“काय लिहिलंत?”

“‘पुन्हा भाताचीच खळ लाव.’”