स्वेटरच्या घडीतली बाटली

नको, ती नको — तिच्या निपलचं भोक मोठं आहे. बाळाला आयतं मिळायला लागलं की आईजवळ ओढायचा कंटाळा करतं मग. ही घ्या, हळू येतं हिच्यातून. अंगावर पाजतेच आहे ना बायको? मग झालं तर! दिवसातून एकदा बाटली दिली म्हणून काही आभाळ कोसळत नाही — तेवढीच तिला झोप. कागदात गुंडाळून देऊ? घरी आई आहे ना तुमची? वाटलंच मला. असं इकडेतिकडे बघत बाटली मागणारे तुम्ही काही पहिले नाही.

माझ्या सुनेनंही लपवलीच होती. कोणापासून? माझ्यापासून, आणखी कोणापासून! कपाटात, स्वेटरच्या घडीत. शाळेत शिकवायची ती, तीन महिन्यांची मुलगी माझ्याजवळ ठेवून. दूध काढून ठेवायची, पण पुरायचं नाही. म्हणाली, आई, एक वेळ वरचं देऊ या. मी म्हटलं, माझ्या घरात नाही. अहो, पंधरा वर्षं या मेडिकलच्या काउंटरवर दुधाचे डबे विकतेय मी — आणि घरात हे असं! बरं, सापडली बाटली तर गप्प बसावं ना? नाही. तिची आई नि बहीण आल्या होत्या, त्यांच्यासमोर नाचवली — बघा, तुमच्या लेकीला स्वतःचं दूध जड झालंय. तिनं बाळाला उचललं नि आत गेली. मग बाटली बंदच केली तिनं, हट्टानं. तिचं जेवण तुटलं, दूधही आटत गेलं. पोर रडायची, मी म्हणायची, गॅस झाला असेल. गॅस कसला! डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं नि म्हणाले, उपाशी आहे हे बाळ.

सावरली हो, सावरली पोर. पण त्याच महिन्यात त्यांनी वेगळं बिऱ्हाड केलं. मुलगा फोन करतो अधूनमधून, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो.

परवा सून आली होती. इथंच, तुम्ही उभे आहात तिथं. माझी ड्युटी आता दुपारची असते, तेव्हासारखी संध्याकाळची नाही, ते माहीत नसावं तिला. खोकल्याचं औषध हवं होतं. सोबत ती — चार वर्षांची, कपाळ अगदी माझ्या मुलाचं. औषध तिच्याच हातात दिलं मी. तर सून म्हणते, काकूंना थँक्यू म्हण. काकू! नि पोर म्हणालीही तसं, गोड हसून. मी म्हटलं, दिवसातून तीनदा, जेवणानंतर —

अहो, माझ्याकडे काय बघताय? आधी नीट उकळून घ्या ती बाटली. निघा आता, मागं लोक खोळंबलेत.