फरशी फरशीसारखी असते

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक, कामगार संघटनेच्या सचिव, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आज निवृत्त होणारे आपल्या सगळ्यांचे मिस्त्री, पहिल्या रांगेत बसलेल्या मिस्त्रींच्या पत्नी, सुतारखाना, रंगखातं आणि पॅकिंगमधले सहकारी, आणि दाराजवळच्या खुर्च्या आधीच धरून बसलेली माझ्या आराखडा विभागाची मंडळी,

माझ्याआधी चार जण बोलले. चौघांनीही मिस्त्रींच्या हातांबद्दल सांगितलं. मला आता माझ्याच हातांबद्दल बोलणं भाग आहे. विषय छोटा आहे, फार वेळ लागणार नाही.

आपली कंपनी प्रयोगशाळांची टेबलं बनवते. त्यांचे आराखडे सव्वीस वर्षं मी काढतोय. एवढ्या वर्षांत एकही टेबल मी स्वतः बनवलेलं नाही, हे मला जाणवलं ते दोन वर्षांपूर्वी, मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा. तिची खोली रिकामी झाली आणि मी लहानपणापासूनची हौस भागवायची ठरवली. छोटी रेल्वे. रूळ, बोगदा, स्टेशन, सगळं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, खरं सांगा. मी गेले म्हणून गाडी आणलीत, की गाडी आणायची होती म्हणून मला पाठवलंत?"

आता रेल्वे म्हटलं की आधी तिच्याखालचं टेबल आलं. ते मी रीतसर कागदावर काढलं. तीन रंगांत काढलं. लाकूड आणलं, सहा पाय कापले, सहाही अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखे. वर प्लायवूडची दोन मोठी पानं ठोकली, त्यावर थेट रूळ ठोकले आणि पत्नीला उद्घाटनाला बोलावलं. गाडी सुरू केली तर पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा आवाज. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर वर आले. त्यांनी आधी माझी तब्येत विचारली आणि मग आवाजाचं विचारलं.

दुसरी गोष्ट. टेबल भिंतीला लावलेलं, रुंदी पाच फूट. माझा हात पोचतो अडीच फुटांपर्यंत. गाडी रुळांवरून घसरायची ती नेमकी पलीकडच्या कोपऱ्यात. मग मी टेबलावर पालथा पडून, गाव आणि स्टेशन पोटाखाली घेऊन डबे उचलायचो. एकदा ही खोलीत आली आणि म्हणाली, "अहो, उतरताना पूल सांभाळा."

पण खरी गंमत तिसरीच. गाडी बंद केली, की डबे आपण होऊन बाल्कनीकडे चालू लागायचे. ही म्हणाली, "हिला मोटार कशाला लावलीत? आपली आपण जाते की. फक्त परत येत नाही." मी पुन्हा पाय मोजले. सारखे. तिसऱ्यांदा मोजले. सारखेच. तेव्हा तिने मला विचारलं, "तुमच्या कंपनीतली टेबलं कोण बनवतं?"

"मिस्त्री."

"मग त्यांना बोलवा ना."

मिस्त्री एका रविवारी आले. टेबलाभोवती एक चक्कर मारली, चहा घेतला आणि विचारलं, "साहेब, पायाचं माप कुठून धरलंत?"

"फरशीपासून."

त्यांनी पिशवीतून पारदर्शक नळी काढली, पातळी बघायला तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन बाल्कनीच्या बाजूला गेले. फरशीला बाल्कनीकडे चांगला दोन बोटं उतार निघाला. फरशी धुतली की पाणी बाहेर जावं म्हणून गवंड्याने मुद्दाम दिलेला. त्या खोलीत मी चौदा वर्षं वावरलो, मला पत्ता नाही.

पुढचे पाच रविवार मिस्त्रींनी माझं टेबल मोडलं आणि नवं उभं केलं. आधी पट्ट्यांची उघडी चौकट, मधे मला उभं राहायला जागा. प्रत्येक पायाखाली बोल्ट, फिरवला की पाय वर-खाली होतो. चौकटीवर लहान उभे ठोकळे आणि त्या ठोकळ्यांवर फक्त रुळांपुरती प्लायची पट्टी. त्यामुळे चढ हवा तिथे चढ, नको तिथे सपाट. त्यावर कॉर्कचा थर, मग रूळ. आता गाडी इतकी हळू आवाजात जाते, की खालचे डॉक्टर एकदा येऊन "बंद केलंत का?" असं विचारून गेले.

त्यातल्या दुसऱ्या रविवारची गोष्ट सांगायला मी इथे उभा आहे. मिस्त्री खाली बसून बोल्ट फिरवत होते, मी नळीचं टोक धरून उभा होतो. मान वर न करता ते म्हणाले, "फरशी फरशीसारखी असते, साहेब."

वाक्य ओळखीचं वाटलं. वाटणारच. ते माझंच होतं.

अकरा वर्षांपूर्वी आपण एका कॉलेजच्या प्रयोगशाळेला बावीस टेबलं दिली. महिन्याभरात तक्रार आली, टेबलांवर ठेवलेल्या काचनळ्या घरंगळतात. चौकशी झाली. मला विचारलं गेलं, आराखडा बरोबर होता का? मी म्हणालो, बरोबर होता. मी खोटं बोललो नाही. मी फक्त तिथली फरशी पाहिली नव्हती. मिस्त्रींच्या फायलीत शेरा पडला, 'मापात हयगय'. ते मुकादम व्हायचे होते, ते राहिलं. मला त्याच वर्षी बढती मिळाली.

आणि टेबलं जायच्या आधी मिस्त्रींनी मला विचारलं होतं, पायांखाली बोल्ट लावू का, तिथली फरशी कशी आहे कोण जाणे. तेव्हा मी जे उत्तर दिलं, ते अकरा वर्षांनी माझ्याच घरात मला परत मिळालं.

नळीतलं पाणी हलायला लागलं. मिस्त्री म्हणाले, "हात स्थिर ठेवा."

मी विचारलं, "मिस्त्री, चौकशीत बोलला का नाहीत?"

"आधीच बोललो होतो की. पेन्सिलीने."

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कागदांच्या खोलीत गेलो. तो आराखडा सापडला. पायाच्या टोकाशी पेन्सिलीने लिहिलंय, 'खाली बोल्ट?' आणि त्यावर लाल पेनाची काट. लाल पेन आपल्या कंपनीत कोण वापरतं, हे माझ्या विभागातली मंडळी सांगतील. आज ती खाली बघताहेत.

मिस्त्री, बसा. अजून दोनच मिनिटं.

अध्यक्ष महोदय, आपल्या पाण्याच्या ग्लासाखाली एक पाकीट आहे. ते शुभेच्छापत्र नाही. त्यात तो आराखडा आहे आणि माझ्या सहीचं एकपानी पत्र. विनंती एवढीच, की मिस्त्रींच्या फायलीतला शेरा आज पाच वाजता ते गेटबाहेर पडायच्या आत काढावा आणि माझ्या फायलीत लावावा. माझी फाईल तशीही फार बारीक आहे. एक खरा कागद तिच्यात असू दे. मुकादमाची खुर्ची आता देता येणार नाही, हे मला कळतं. त्याबद्दल काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून पत्रात ती ओळ कोरी सोडली आहे.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली होती, ती मी किती ताणली हे विचारत नाही. बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं.

बावीस टेबलांची माफी मात्र सभागृहाकडे मागत नाही. मिस्त्री, ती तुमच्याकडे मागतोय. उत्तर आत्ता नको. रविवारी घरी या. बोगद्याच्या बाजूचा एक पाय अजून बसवायचा राहिलाय. नळीचं दुसरं टोक मी धरतो. या वेळी हात स्थिर ठेवीन.