एक उकळी अजून

— अजी, बसा न बाप्पा! दाळ शिजेपर्यंत उठाचं नाई, असंच ठरलं न आपलं? आन ते खोकं पाळण्यात नका ठेवू, गोधडी आजच धुतली मी. हां, खाली ठेवा. तुमीच छाती ठोकून म्हणाले, बाई, या फिल्टरातून निघालं का खारं पाणी गोड! मंग तुमच्यासमोरच इहिरीचं पाणी वरून ओतलं, तोटीतून निघालं त्यात तुरीची दाळ टाकली. नितळ दिसते, नाई कोण म्हणते? पण आमचं पाणी पयले गढूळ होतं का जी? खार काय डोळ्याले दिसते? — अमरावतीच्या डाक्टरीणबाईनं दोन घेतले? घेईन न, तिच्या घरी गोड्या पाण्याचा नळ! इथं खारपाणात या म्हणा, साबणाले फेस आणून दाखवा म्हणा. माह्या माहेरी, शेंदूरजनाघाटले, दोन उकळ्यांत दाळ विरघळे. इथं आली तं आत्याबाई म्हणे, सुनेच्या हाताले गुण नाई. माह्या हाताले!

काय म्हणता, चिमूटभर सोडा टाकू? वा रे वा! सोड्यानंच शिजवाची तं तुमच्या फिल्टरातली ती पांढरी कांडी कायले, आरती ओवाळाले? चूप बसा. थांबा, अजून एक लाकूड सारते. तुमच्याचसाठी जाळून राहिली मी, नाई तं कवाचीच उतरवली असती. — कोण निजते पाळण्यात? कोणी नाई. माहा पोरगा, नारू, माह्या आईजवळ आहे. या पाण्यानं त्याचं पोट थांबेचना, नुसता सांगाडा राहिला लेकराचा, नेऊन ठेवला. हे म्हणतात, पाण्याची सोय झाली का आणू. आता पोरगं आपल्या पायानं चालते म्हणे. मागं गेली तं माह्याकडं पाहून आईच्या लुगड्याआड लपला. — तुमाले काय कराचं त्याचं? तुमी तोटी पुसा आपली!

एक उकळी अजून. भाऊ, कधीकधी उशिरा शिजते न? एखादी दाळच निबर असते... द्या तो चमचा.

हं. पाहा. घ्या, तुमीच दाबा — घ्या न, लाजता काहून? गोट्या आहेत गोट्या! चांगले कपडे घालून फिरता, लोकाच्या बायकांले आशा लावता... उचला ते तुमचं फिल्टराचं भांडं. खोकंबी उचला. — ती गोधडी राहू द्या, हात नका लावू तिले. मीच घडी करते.

जा म्हणते न!