नळीतला थर आणि सबनीस सर

...आणि वर सर मलाच विचारतात, ‘हेमांगी, तू रडतेयस का गं?’ रडू नको तर काय करू, गरबा खेळू? तुम्हाला सांगते, पाच वर्षं! पाच वर्षं मी ठाण्याच्या त्या लॅबमध्ये एका काचेच्या नळीपायी घालवली. नळी केवढी? केसाएवढी! आई नौपाड्यात सगळ्यांना कौतुकानं सांगते, ‘आमची हेमा नळीवर पीएचडी करते,’ आणि बायकांना वाटतं प्लंबिंग!

तर त्या नळीला आतून एका रसायनाचा थर. वीस हजार व्होल्ट लावले की औषधांचं मिश्रण आत पळत सुटतं, त्यातलं एक थराशी लगट करत मागे रेंगाळतं, दुसरं जातं पुढे, झाली दोघांची फारकत! पण थर कसला? पक्का जोडलेला नाही, नुसता चिकटून बसलेला हो! आणि बसतो तरी का सुखानं? अठ्ठावन्न वेळा धुपला मेला! एकोणसाठाव्या खेपेला टिकला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

त्यात बाहेरच्या परीक्षक बाई यायच्या होत्या. त्यांच्यासमोर दोन औषधं वेगळी करून दाखवायची, नाही जमलं तर पीएचडी वर्षभर पुढे! बाई आल्या, मी बटण दाबलं, आणि पडद्यावर दर औषधाची एक अशा दोन टेकड्या उमटायला हव्यात, तर... एकच टेकडी! दोन्ही औषधं गळ्यात गळे घालून बाहेर! बाई चष्म्यावरून बघत, ‘दुसरं कुठाय?’ मला काय माहीत, माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल! तेवढ्यात मागनं सबनीस सर, म्हणजे माझे गाईड, हसतमुखानं... ‘अगं, मी सकाळीच आलेलो ना! म्हटलं पाहुणे येणार, नळी कॉस्टिक सोड्यानं स्वच्छ धुऊन ठेवू!’

धुऊन! अहो, साध्या नळ्या धुतात रोज सकाळी कॉस्टिकनं, कबूल, तीस वर्षांची सवय, हात आपोआप जातो! पण हिच्यात थर होता ना! नुसता चिकटून बसलेला हो! इतका संताप आला म्हणून सांगू, पण गाईडवर ओरडता येतं का? सही त्यांची लागते!

बाई गेल्या, माझं वर्ष गेलं, मी रडतेय, आणि सर नळी उजेडाकडे धरून बघतायत. म्हटलं, वाटलं वाटतं वाईट! छे! ‘हेमांगी, एका धुण्यात साफ! म्हणजे हा थर काढायला किती सोपा बघ! पेपर होतो यावर!’

झाला ना. पुढच्या महिन्यात छापून येतोय. माझं नाव आहे हो त्यात, दुसरं. पहिलं सरांचं... धुतलं त्यांनी ना!