ओसाकाचा चंद्र

ऐका गं बायांनो. दुबईतल्या बर दुबई भागात एक नवरा होता, एक बायको होती. नवरा म्हणजे माझा अविनाश, बायको म्हणजे माझी सून मृणाल. दोघं जपानला ओसाका शहर बघायला आणि खायला गेली, आणि नेमकी तिथं संकष्टी आली.

आमच्या घरची रीत अशी, की मी गॅलरीतून चंद्र बघायचा, "दिसला" म्हणायचं, मगच अविनाशनं उपास सोडायचा. तर तिथूनही त्याचा फोन!

"आई, चंद्र दिसला का?"

"कसला चंद्र? इथं दुबईत चार वाजलेत, ऊन मी म्हणतंय."

मागून मृणाल ओरडली, "अहो, तो इथल्या किल्ल्याच्या डोक्यावर उगवलाय तो काय दिवा आहे?"

"तो इथला झाला. आईनं कुठं बघितलाय?"

"आई, तुम्हीच सांगा यांना! दिवसभर उपाशी हिंडवलंय. समोरचा मिठाईवाला दुकान बंद करतोय."

"काय आहे गं त्याच्याकडं?"

"तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे, आत गोड पुरण."

"अगं, मग मोदकच की ते! अविनाश, बायकोनं बघितला म्हणजे मी बघितला. यल्ला, पळ!"

पळाला बिचारा. अर्धं शटर खाली आलेलं. पण गणपती पावला, शेवटचे चार गोळे मृणालच्या हातात पडले. दोन खाऊन झाल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं,

"काय हो, तुमचा उगवला का?"